दुभाष्याची जबानी

प्राध्यापक, तुम्ही विचारता, स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं.
खरं सांगू? शाई पाहिली.
ब्राव्होच्या उत्तर काठावर नुकसानभरपाईचा तंबू होता.
दौतीत माश्या पडायच्या.
टिबेट्स कारकून टाकाच्या टोकानं एकेक उचलायचा
आणि कागदाच्या कोपऱ्यावर वाळत ठेवायचा.
मी एकोणीस वर्षांचा. रोजी अर्धा पेसो.
मला दोन भाषा येत होत्या, म्हणजे
दोन्हीकडच्या शिव्या कळत होत्या.

लोक रांगेनं यायचे.
पहिल्या लढाईत जळलेलं घर,
दुसऱ्या लढाईत जळलेलं तेच घर.
पलटणीनं नेलेला मका, बंडखोरांनी नेलेला,
रेंजरांनी, कोमांचींनी.
मका तोच असायचा,
नेणारे बदलायचे.
आणि नदीही एकदा रात्रीतून सरकली होती,
त्यामुळे एका म्हाताऱ्याला कळेना
की त्याचा गोठा कुठल्या देशात लुटला गेला.

एदुविहेस कांतू आली लास तूसासहून,
दोन दिवस चालत. तुटलेलं पायताण हातात.
तारीख? टिबेट्सनं विचारलं.
ती म्हणाली, मेस्कीटच्या शेंगा पिकून गळत होत्या,
चंद्र पुरा होता,
तसल्या चांदण्यात आम्ही कुत्रीसुद्धा आत घ्यायचो.
मी म्हणालो, सप्टेंबर.
टिबेट्सनं लिहिलं, सप्टेंबर.

काय गेलं? चौदा शेळ्या.
दळायचा पाटा, फुटला.
एक करडी घोडी, मागचा डावा खूर पांढरा.
लुटारू किती?

इथे ती थांबली. पायताण खाली ठेवलं.
सहा, म्हणाली, आणि माझा अनाक्लेतो.
आठ वर्षांचा होता तेव्हा पाणवठ्यावरून उचलला त्याला.
अकरा वर्षांनी आला.
अर्धं तोंड पिवळं रंगवलेलं,
पण कोंबड्यानं टोचलेला कान तसाच.
मी दारात उभी. क्लेतो म्हणाले.
त्यानं घोडीच्या नाकपुड्यांवर तळवा ठेवला,
ती खिंकाळू नये म्हणून.
हे त्याच्या बापानं शिकवलं होतं.
मग घोडी नेली, शिंगरू ठेवलं.
ते मायेनं की घाईनं,
मला अजून ठरवता येत नाही.

टिबेट्स टाक धरून बसलेला.
त्या तंबूचा नियम होता:
लुटणाऱ्यांत आप्त निघाला तर दावा बाद.
मी म्हणालो, सात.
त्यानं लिहिलं, सात.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
तिला इंग्रजी येत नव्हतं,
पण मोजता येत होतं.
एवढ्या सगळ्याचा एकच शब्द?

सहीच्या जागी तिनं फुली केली,
जरा वाकडी, थडग्यावरच्या क्रुसासारखी.
मी तिच्या मागे बाहेर गेलो.
वाटलं होतं, आभार मानेल.
ऊन असं होतं की तंबूचे दोर तडतडत होते.
ती म्हणाली, पोरा,
घोडीचे पैसे घेऊन मी काय करू?
शिंगराची आता घोडी झाली.
मी आले होते, कुणीतरी लिहून ठेवावं
की तो जिवंत आहे म्हणून.

मी काही बोललो नाही.
दोन भाषा येणाऱ्या माणसाला
तिसरी लागते अशा वेळी.

पैसे आले नाहीत. तंबू उठला.
मी पुढे जिनं शिवू लागलो,
चामडं निदान विचारलं तेवढंच बोलतं.
तेहतीस वर्षं झाली.
आता तुम्ही आलात, नवी वही घेऊन,
सीमेवरच्या लढायांचा इतिहास म्हणे.

लिहा मग.
सहा. स्वल्पविराम. अनाक्लेतो कांतू.
स्पेलिंग विचारू नका, तिलाही येत नव्हतं.
कानाचं लिहा. तळव्याचं लिहा.
शिंगरू ठेवलं, एवढंच लिहा, का ते नको.

घोडीचं राहू द्या.
ते लिहून झालंय.