पुराणातली वांगी

सकाळी सहाला डिग्रजचा टेम्पो आला.
वीस किलो वांगी, देठाला काटे, अंगावर दव.
मी विळीवर बसले, रेश्मानं मिठाचं पाणी केलं.
हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या.
फलकावर लिहिलं होतं : जनुकीय वाण आणि आपलं ताट.
मेनू विचारला तर संयोजक हसले,
"भरलं वांगंच करा की वो, विषयच तो हाय."

पहिल्या घमेल्यात सात अळ्या निघाल्या.
गुलाबी, बारीक, उजेडाला दचकणाऱ्या.
आमच्यात मारत नाहीत.
फुटक्या बशीत ठेवल्या, वर वांग्याचं एक पान.
रेश्मा म्हणाली, "मावशी, ह्यांना पण जेवायला बोलावलंय काय?"
खरं तर सगळी सभा त्यांच्यावरच होती.

भिंतीपलीकडून माईक ऐकू यायचा, मधेच खरखरायचा.
डॉक्टर येळावीकर सांगत होते,
मातीतल्याच एका जिवाणूचा धागा विणलाय वांग्यात.
अळीच्या आतड्यात ती किल्ली लागते,
माणसाच्या आतड्यात ते कुलूपच नाही.
उंदरांना नव्वद दिवस खाऊ घातलं. उंदीर ठणठणीत.

"नव्वद दिवस?" हा निशिगंधा खाड्यांचा आवाज, चढलेला.
"आम्ही नव्वद वर्षं खाणार आहोत.
आणि ते कागद लिहिले कुणी? बी विकणाऱ्यानंच ना?"
टाळ्या.
मला तेही पटलं, हेही पटलं,
आणि तेवढ्यात शेंगदाणे करपले.

मग जिनपाल अण्णा उठले. वांगी त्यांच्याच मळ्यातली.
"आठवड्याला दोन फवारण्या मारतोय मी.
तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याकडं पाठ करून.
तरी अळी निघती ती निघतीच.
ते कुणाच्या पोटात जातंय, त्याची सभा कवा घेणार?"
कुणीतरी विचारलं, "आणि तुमच्या घरी?"
अण्णा बराच वेळ गप्प.
"घरच्यासाठी बांधाकडं दोन सऱ्या हायत. त्यांना मारत न्हाई."

पुराणातली वांगी पुराणात, म्हणतात ते हेच.
पण अण्णांचा आवाज बसला होता म्हणताना,
आणि मला हसू आलं नाही.

मीठ मी वासावर घालते.
चातुर्मासात काय, एरवीही वांगं मला चालत नाही.
बहुबीज. एका फळात इतके जीव.
तीस वर्षं शिजवतेय, चव घेतलेली नाही.
रेश्मा जिभेला लावते, मान हलवते,
तिच्या मानेवर शंभर माणसं जेवतात.

पंगतीत खाडेबाईंनी माझं रिकामं ताट पाहिलं.
"तुम्ही नाही खात? बघा डॉक्टर, बनवणारीच खात नाही!"
मी म्हटलं, "तसं नाही बाई," पण त्या पुढं गेल्या होत्या.
डॉक्टरांनी विचारलं, "तेल कुठलं हो?"
डबा दाखवला. सरकीचं.
कापसाचं बी बदलून किती वर्षं झाली, ते त्यांनी सांगितलं,
मग घाईनं, "तेलात काही उरत नाही म्हणा त्यातलं."
खाडेबाईंनी घास ताटात ठेवला.
एक क्षण पंख्याचाच आवाज.
मग त्यांनी तो उचलला, खाल्ला,
म्हणाल्या, "बाकी रस्सा झालाय छान."
डॉक्टर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

संध्याकाळी ठराव झाला, म्हणे : आणखी अभ्यास व्हावा.
कढई घासताना हाताला तेल लागलं,
तीनदा राख लावली.
अण्णा भाड्याचे पैसे घ्यायला आले तेव्हा
पिशवीत आणखी काही होतं. "बांधाकडची हायत. तुमच्यासाठी."
मी खात नाही हे त्यांना ठाऊक आहे.
रेश्माला दिली.

बशी मागच्या दारी ठेवली होती, पपईच्या बुडाशी.
पानाला तीन भोकं पडलेली.
अळ्या नव्हत्या.
गेल्या, की साळुंकीनं टिपल्या,
कंदील आणून पाहिलं नाही मी.