बिघडलेल्यासुद्धा

बाबा भद्रकालीत भांड्यांवर नावं घालायचे,
अक्षराला चार आणे, अनुस्वार फुकट.
म्हणून जुन्या नाशकातल्या कितीतरी ताटांवर
गरज नसलेले अनुस्वार आहेत.

मी सातपूरला लेझरवर बसते,
गाळा नंबर अकरा. पत्रा तापला की मशीनही कुरकुरतं.
किचेन, ट्रॉफ्या, डॉक्टरांच्या पाट्या,
आणि परवा गायधनी आले,
पिशवीत शंभर पोकर चिप्स, चार रंगांच्या, कोऱ्या.
दुकानदार क्ले म्हणाला होता.
कसली माती, प्लास्टिक.

एकतीस वर्षं नोट प्रेसला. तपासणीत.
"चूक सापडेपर्यंत बघायचं,
सापडली की पुन्हा पहिल्यापासून."
आता निवृत्त पाच जण, जेल रोडला,
शुक्रवारी रात्री पत्ते.
"यावर आकडा नको," म्हणाले,
"रुपयाची खूण तर मुळीच नको."

मग काय घालू?

बराच वेळ मशीनच्या काचेत बघत राहिले.
मग कागदावर, छापल्यासारखं:
लाल, चहा.
निळी, पाळी सुटल्याचा भोंगा.
हिरवी, गेटवरची झडती.
काळी, दुपारची झोप.
"काळी सगळ्यात महाग. शंभर चहा, तेव्हा एक."
आणि झडती?
"ती हरलेलीच बरी."

पहिली चिप वितळली. कडेला फेस,
वास असा की शेजारचा वेल्डर डोकावून गेला.
दुसरीवर नुसता भुरका, अंगठ्यानं पुसला तर गेला.
मग पॉवर अठरावर आणली, वेग वाढवला,
किरण गेला न गेला असा,
आणि लालवर पांढरं 'चहा' उमटलं.
बाबांच्या छिन्नीला सात ठोके लागले असते,
आठवा स्वतःच्या बोटावर.
मधे वीज गेली, तेव्हा एकीवर फक्त 'झो'.

संध्याकाळी त्यांनी खिशातून भिंग काढलं.
उभ्यानं, एकेक.
मी शटर अर्धं ओढलं तरी.
"या झोपेतला प
केसभर डावीकडे गेलाय."
मला दिसेना. बाबांना दिसला असता.
दुसरी आणा, करून देते.
"राहू दे. ही माझ्याकडे ठेवीन."

मग पुन्हा मोजल्या.
"सत्त्याण्णव. तीन कुठंयत?"
कचऱ्यात. बिघडल्या त्या.
"द्या."

राख झटकून दिल्या:
वितळलेली, पुसट, आणि 'झो'.
त्यांनी त्या काउंटरवर सरळ रेषेत मांडल्या,
बिलाच्या पाठीवर लिहिलं:
चांगल्या ९७. रद्द ३. एकूण १००.
सही केली, पेन माझ्याकडे फिरवलं.

बाबांनी जन्मभर लोकांचीच नावं घातली,
आपलं कुठं घालायचं
हे आमच्यात कुणाला ठाऊक नाही.
पेन धरून थांबले.
त्यांनी बोट ठेवलं:
इथं. एकूणच्या खाली.