नमुना क्रमांक चौदा

ताळगावच्या पठारावर मार्चमध्येही भिंती घाम धरतात.
आर्द्रतेचा काटा अठ्ठ्याहत्तरवर,
आणि इनासबाब म्हणतो, बाय, तुझे गोळे
आज काही पंगतीला बसायचे नाहीत.

गोळे वाळूच्याच जातीचे, सिलिकाचे,
दोनशे चाळीस नॅनोमीटर, सगळे एका मापाचे.
कुपीत दिसतात पातळ ताकासारखे.
त्यात एक काच उभी करायची
आणि मग काही करायचं नाही.
हे काही न करणं शिकायला मला अकरा महिने लागले.

पाणी काचेला धरून जरासं वर चढतं.
त्या चढाची कड हवा पिते.
जितकं जातं तितकं मागून नवं येतं,
येताना गोळ्यांना घेऊन.
कडेशी पाणी गोळ्याहून कमी उरलं
की माथे उघडे पडतात,
आणि उरलेलं पाणीच त्यांना एकमेकांकडे ओढतं:
खांद्याला खांदा,
प्रत्येकाला सहा शेजारी,
वरचा थर खालच्यांच्या खळग्यांत.
वाढपी नाही, यजमान नाही.

तेरा काचा वाया गेल्या.
कुठे पट्टे, कुठे खरवसासारखा थर,
एकीवर फक्त मेलेलं चिलट, नीट मधोमध.

शुक्रवारी रात्रभर वीज नव्हती.
सकाळी चौदावी काच हिरवी.
आम्ही दोघं एकदमच फ्रीजकडे बघितलं.
त्याची घरघर टेबलाच्या पायांतून
अकरा महिने माझं पाणी हलवत होती,
आणि आत, नियम मोडून,
इनासबाबचं दुपारचं हुमण.
तो काही बोलला नाही. प्लग काढला.

रविवारी काच रुमालात गुंडाळून आगरवाडोला नेली.
बापू मिठागरात होता, पोटऱ्यांपर्यंत पांढरा.
हात पुसायला कोरडं काही नव्हतं.
हिरवा कसला घातलास?
रंग नाहीच बापू, नुसतं अंतर.
गोळ्यागोळ्यांमधलं.
त्यानं काच कलती केली, हिरवा निळा झाला.
म्हटलं, खंड्याच्या पाठीवरही निळा रंग नसतो.
तो म्हणाला, खंड्याला सांगितलंस का?

सात वर्षांची असताना
मी धरत्या मिठात पाय घातला होता.
तेव्हा तो बांधावरून ओरडला होता, असा
की पलीकडच्या आगरातले बगळे उठले.
मीठ धरतंय! दिसत नाही?
तेव्हा खरंच काही दिसत नव्हतं,
नुसतं साचलेलं आभाळ.

आता त्यानं अंगठा टेकवला.
खाऱ्या पाण्यानं चिरलेला, ओला.
थर भट्टीत भाजलेला नव्हता,
नुसता एकमेकांच्या आधारानं उभा.
मला ओरडता आलं असतं.
बगळेही होते.

अंगठा उचलला तेव्हा
हिरव्यात एक स्वच्छ काचेचं बेट,
त्यात मिठाच्या दोन कण्या.
गेलं का गं, त्यानं विचारलं.
गेलं.
मग तो बराच वेळ आपला अंगठा बघत बसला,
उन्हात तिरका धरून,
कुठे निळा होतो का ते.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली
उरलेल्या थरात भेगा दिसल्या,
वाळताना पडतात त्याच,
मे अखेरीस आगराच्या तळाला पडतात तशा.
बेटाच्या काठी रेषा, गोल, दाट.
इनासबाबनं डोळा लावला, विचारलं, हो कोण?

वहीत लिहिलं: चौदा. हिरवा. अंगठा.
पंधरावी काच कुपीत सोडली.
हुमणाचा डबा खिडकीत होता.
आम्ही दोघं पाय न वाजवता बाहेर आलो.