वीस दात

उणे एकोणतीस. शेडमधला हीटर दोनदा खोकला नि गप्प बसला.
हातमोजा दातांत धरून मी मात्तेची स्नोमोबाइल उघडली:
कडेचं झाकण, बेल्ट, आणि ती दोन चाकं
जी जवळ येतात, लांब जातात,
तेवढ्यालाच क्लच म्हणायचं.

मात्ते ओस्लोला गेला. किल्ली देताना म्हणाला,
जपून, ती उडते.
उडतेच.
ईस्टरच्या शर्यतीसाठी बांधलेली ती,
चार हजार फेऱ्या भरल्याशिवाय जागची हलत नाही
आणि हलली की मानेला हिसका देऊन
थेट गोठलेल्या तळ्यापार.
मला तळ्यापार जाऊन काय करायचंय?
माझ्यामागे घसरगाडी, तिच्यावर चाऱ्याची पोती,
पाय मोडलेलं एक पाडस गोणपाटात गुंडाळलेलं,
आणि पुढे तीनशे रेनडिअर
माणसाच्या चालीनं चालणारे.

मंगळवारी चढावर बेल्ट जळाला.
रबराचा वास टोपीतून अजून गेलेला नाही.
सहा किलोमीटर चालत आले. कुत्रं पुढे, मी मागे,
पाडस खांद्यावर.

योव्नानं दुकानाच्या फळीवर सगळं मांडलं.
बहात्तर वर्षांचा माणूस, डाव्या हाताला तीनच बोटं.
वेग किती हवा, हे त्यानं विचारलंच नाही.
विचारलं, ओझं किती?
आणि मागे कुणी बसतं का?

याला उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.
नाही, म्हटलं. हल्ली नाही.

पिवळी स्प्रिंग लवकर धरते, लाल उशिरा.
मात्तेनं लाल घातली होती. घालणारच.
मग ती बोटभर लोखंडी वजनं,
योव्ना ती सोनारासारखी तोलत बसला, ग्रॅम ग्रॅम.
जड झाली तर इंजिन दमेल,
हलकी झाली तर नुसतं ओरडेल, पुढे जाणार नाही.
माणसांचंही बघ...
माणसांचं राहू दे, मी म्हटलं.
तो हसला. राहू दिलं.

मग गिअर. वरचं चाक चोवीस दातांचं,
ते काढून वीसचं.
चेन दोन कड्या आखूड.
टोकाचा वेग जाईल हं, तो म्हणाला,
बराच जाईल.
जाऊ दे.
इतक्या पटकन म्हणाले
की त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
पैसे मांस विकल्यावर दे, म्हणाला,
आणि कागदावर काही लिहिलं नाही.

रात्री मात्तेचा फोन.
किती दात?
वीस.
वीस! अगं, कुत्रंसुद्धा मागे पडणार नाही तिच्या.
पडू नयेच, मी म्हटलं. ते माझ्याबरोबर असतं.
तिकडे ट्रामची घंटा वाजली.
मग हळूच: माझी लाल स्प्रिंग?
कॉफीच्या डब्यात. वजनंही तिथंच.
चोवीस दातांचं चाक तेल लावून कापडात बांधलंय,
वर तुझं नाव घातलंय.
बरं, म्हणाला. पुन्हा म्हणाला, बरं.
येतोस का, हे मी विचारलं नाही.
येतो, हे तो म्हणाला नाही.

सकाळी, म्हणजे घड्याळातली सकाळ,
सूर्य अजून दहा दिवस लांब,
अंगठा दाबला.
तीन हजारांवर तिनं अलगद धरलं,
दोर ताठ झाला, घसरगाडी करकरली
आणि आम्ही निघालो, हिसका नाही, आरडाओरडा नाही.
कळपातल्या एकीनंच मान वर केली,
तीही चघळत.

तोच चढ. माथ्यावर थांबून झाकण उघडलं.
योव्नानं सांगितलं होतं, क्लचवर तळहात ठेवून बघ,
ठेवता आला पाहिजे.
ठेवला.
कोमट.
काढायला हवा होता, कळप पुढे चालला होता.
पण दुसरा हातमोजा काही सापडेना,
म्हणून जरा वेळ तसाच राहू दिला.