मीटरबॉक्सकडे तोंड करून

रात्री दोन सत्तेचाळीसचा कॉल. कन्नमवार नगर, तिसरा मजला.
इसम हत्यारासह, आरडाओरडा, शेजारी घाबरलेले.
आणि कंट्रोलवरची पोरगी पुढे म्हणाली,
हवालदार, तुम्ही खालीच थांबा. वर ते जातील.

ते म्हणजे पांढऱ्या व्हॅनमधून उतरलेले दोघं.
सायरन नाही, दिवा नाही.
फ्लेविया तुस्कानो, वसईच्या, पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या,
आणि वाघचौरे नावाचा पोरगा, हातात पाण्याची बाटली.
एवढंच? मी म्हटलं.
बाई म्हणाल्या, बिस्किटं पण आहेत.

एकवीस वर्षांच्या नोकरीत
खाली थांबायचं कुणी शिकवलं नव्हतं.
वॉचमननं खुर्ची दिली, तिला एक हात नव्हता.
काठी भिंतीला टेकवली तर घसरून पडली,
आणि वरचा आरडाओरडा एकदम थांबला.
जिन्यातून बाईंचा आवाज आला,
'काही नाही रे. खाली कुणाची तरी काठी पडली.'
खरं तेच सांगितलं.
वॉचमन माझ्याकडे बघत राहिला.

हत्यार म्हणजे स्क्रूड्रायव्हर.
घरातले सगळे स्विचबोर्ड त्यानं उघडून ठेवले होते.
'आत कोण बोलतं?'
'बाबा.'
'मला नाही ऐकू येत. पण तुला येतं,
म्हणजे झोपत नसशील तू. किती दिवस झाले?'
'अकरा.'

अकरा.
मी वर असतो तर हा आकडा
पंचनाम्यात आला नसता.

तीन वर्षांपूर्वी अँटॉप हिलला होतो.
धनेश नावाचा शिंपी, हातात कात्री.
आम्ही चौघं. दार तोडलं. चार मिनिटांत मोकळे.
साहेब म्हणाले, शाब्बास.
मनगट मोडतं तेव्हा
वालाची शेंग मोडल्यासारखा आवाज होतो.
रविवारी बायको शेंगा घेऊन बसली
की मी गॅलरीत जातो.
उजवा हात होता. शिंप्याचा.

चार दहाला ते उतरले.
पुढे वाघचौरे, मग कठडा धरून, एकेक पायरी, बाई,
मग तो, प्रज्योत, आणि पिशवी घेऊन त्याची आई.
वळणावर त्याला मी दिसलो.
त्याची बोटं कठड्यावर पांढरी झाली.
मी टोपी काढली. खाली शर्ट उरलाच, खाकी.
कुणी काही बोललं नाही.

पोलिसानं पाठ दाखवू नये,
मरोळला पहिल्या दिवशी शिकवतात.
मी वळलो,
मीटरबॉक्सकडे तोंड करून उभा राहिलो.
बावीस मीटर, जळमटं, वाळलेली पाल,
काचेमागे हळू फिरणारे आकडे.
मागून पावलं उतरू लागली,
चपलांची, चपलांची, अनवाणी.
अनवाणी थांबली. अगदी पाठीशी.
श्वास मानेला लागला.
स्क्रूड्रायव्हर वरच राहिला की खिशात होता,
तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही.
'सात नंबरचं झाकण ढिलं आहे,'
तो म्हणाला. आणि गेला.

सगळ्या राती अशा उतरत नाहीत.
मागच्या महिन्यात टागोर नगरला
बाईंच्या कपाळाला तीन टाके पडले.
चौथ्या दिवशी त्या पुन्हा व्हॅनमध्ये,
टाक्यांवर केस ओढून घेतलेले.

डायरीत 'केलेली कारवाई' असा रकाना असतो.
मी लिहिलं, पाठ केली.
साहेबांनी चष्मा वर केला. काय पाठ केलं?
मी म्हटलं, सात नंबर, शून्य चार एक नऊ दोन.

ते झाकण
खरंच ढिलं होतं.