ओल्या पाटीचं वजन

कार्ड सापडलं तांदळाच्या डब्याखाली,
गुलाबी, एका कोपऱ्यात झुरळांनी खाल्लेलं.
आरोसकर सिस्टरचं मुंगीएवढं अक्षर:
तिसरा महिना, एकावन्न.
पाचवा, साडेअठ्ठावन्न.
सातव्याला सहासष्ट, आणि त्यापुढे
निळ्या शाईचं प्रश्नचिन्ह.
नवव्याला चौऱ्याहत्तर.

निवतीच्या उपकेंद्रातला तो काटा
दीड किलो पुढेच असायचा, सगळ्यांना ठाऊक.
सिस्टर म्हणायची, चपला काढ, मंगळसूत्र राहू दे.

सासू म्हणायची, "दोन जिवांची हस, खा गो बाय."
मी खाल्लं.
उकड्या तांदळाची पेज, मग भात,
तळलेल्या बांगड्याचं पोट,
रसात बुडवलेली खापरोळी,
आणि रात्री उठून
जत्रेतले खटखटे लाडू,
अंधारात, उभ्यानेच,
दातांचा आवाज होऊ नये म्हणून चघळून.
नवरा ट्रॉलरवर, आठ-आठ दिवस.
ती भूक होती की दुसरंच काही,
सिस्टरच्या कार्डावर त्याला रकाना नव्हता.

आता मी लिलावात उभी असते.
सुरमईची पाटी नुसती उचलून
वजन सांगते, अर्ध्या किलोच्या आत, पैजेवर.
बर्फाचं वेगळं, पाण्याचं वेगळं,
ओल्या पाटीचंही व्यापारी कापून घेतो.
मग माझे ते तेवीस किलो
कुठल्या पाटीत किती घालू?
किती पाणी, किती मूल,
किती नुसते लाडू?

कुडाळचे डॉक्टर भले होते.
निहार त्यांच्या टेबलाखाली
पंख्याच्या सावलीमागे बोट फिरवत बसलेला.
ते म्हणाले, काही अभ्यासांत दिसलंय,
गरोदरपणी वजन फार वाढलं
तर शक्यता थोडी वाढते.
थोडी म्हणजे?
थोडी. पण तुमच्या मुलाचं त्यामुळेच झालं
असं कुणीच सांगू शकत नाही, ताई.
"कुणीच"वर त्यांनी जोर दिला.
मी मात्र "थोडी" तेवढी घेऊन आले,
एसटीत मांडीवर धरून, परुळ्यापर्यंत
खिडकीकडेसुद्धा न बघता.

रात्री एकेक घास मागे जाते.
ही खापरोळी ठेवून दिली असती तर
त्याने मला हाक मारली असती?
हा लाडू नसता खाल्ला तर
दोन घटका डोळ्यांत बघितलं असतं?
चुलतजाऊ प्रणालीचं माझ्याहून वाढलेलं,
पाय सुजून पायरी चढवेना.
तिचा पोरगा चुरूचुरू बोलतो,
खोटंसुद्धा.

निहारला नववं लागलं.
माणसं त्याला नकोत, काटा हवा.
पाटी उचलली की सुई थरथरत
शून्यावर येते, ते बघून
घशातल्या घशात गुणगुणतो.
काल आमचा माल संपला,
तो आपणहून काट्यावर चढला. सव्वीस.
उतरेना.
मग माझ्याकडे न बघता
माझं मनगट धरलं आणि ओढलं,
जसं दार उघडायला ओढतो तसं.
मी चढले, चपलांसकट, ओल्या लुगड्यासकट.
सुई गेली, डुलली, सत्त्याण्णववर थांबली.
तो हसला, सुईला.

मागून गजा तांडेल ओरडला,
"काटो मोकळो कर गो, पापलेट इला!"

"थांब रे जरा," मी म्हटलं.