पोटातली गोष्ट

मंगळवारी बालवाडीत बोलावलं होतं,
'लांडगेवाली बाई' म्हणून.
नारिंगी जाकीट काढायचं राहून गेलं,
तर पुढच्या रांगेतली लेन्का म्हणाली,
टोपी कुठाय तुझी?
आणि टोपली?

टोपली आहे, म्हटलं, गाडीत.
तिच्यात कागदी पिशव्या,
पिशव्यांत लांडग्याची वाळलेली शी.
वर्ग हसून लोळला.
आजीला नेतेस? मागून कुणीतरी.
नाही रे, प्रयोगशाळेत.
तिथं ती धुतात, गाळतात,
आणि बघतात आत कोण आहे.

आत असतात हरणाचे केस,
पोकळ, काडीसारखे मोडणारे.
डुकराच्या पिल्लाचा खूर.
एकदा हातमोज्याचं बोट निघालं
(नुसता मोजा, बोट नव्हे, घाबरू नका).
वीस वर्षं गाळते आहे लाउझित्सची ही रानं.
आजी एकदाही निघाली नाही.

येन्चोवाबाई पुस्तक उघडून उभ्या होत्या:
शिकारी, कात्री,
पोटात भरायला दगडांचा ढीग.
ते पान मलाही येतं.
सप्टेंबरात हमरस्त्याच्या कडेला पडलेली मादी
मीच फाडली होती टेबलावर.
मुलांना हे सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.
कातडीखाली शिशाचे नऊ छर्रे,
जुने, मांसानं आपलेसे केलेले.
पोटात दगड नव्हते.
आलुबुखाराच्या बिया होत्या, अकरा.

हात धुऊन बसून राहिले जरा वेळ.
कारण त्या अंगाला आलुबुखाराचं झाड
एकाच गावात उरलंय,
नोवा होलामध्ये, आणि गावही निम्मंच उरलंय.

आजी गिळली गेली हे काही खोटं नाही.
माझीच. बोरबोरा नाव तिचं.
दार वाजलं, तिनं उघडलं.
खडू खाल्ल्यासारखा मऊ आवाज होता,
हातात नकाशा,
नकाशावर तिच्या घराच्या जागी एक आकडा.
मग आलं ते यंत्र.
चाकाला बादल्या, बादल्यांना दात,
रात्रंदिवस दिव्यांच्या उजेडात चरणारं.
वर माती, खाली कोळसा, मध्ये आम्ही.
आधी बाग गेली, मग विहीर,
मग कबरी, नीट क्रमांक घालून हलवलेल्या,
मग स्वयंपाकघर, त्या चुलीसकट
जिला ती फक्त आमच्या भाषेत शिव्या द्यायची.
शहरात तिला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला.
लिफ्ट होती.
ती चार वर्षं जिन्यानंच चढली-उतरली,
मग नुसती चढली.

शिकारी?
शिकारी माझा बाप.
तो त्याच यंत्रावर शिफ्टला होता.

आता त्या खड्ड्यात पाणी सोडलंय.
त्याला तळं म्हणायचं, उन्हाळ्यात बोटी येतात.
काठावर पाटी आहे, दोन्ही भाषांत:
सावधान, किनारा खचतो.
पोट शिवून झालं,
टाके धरत नाहीत.

मग लांडगा चांगला असतो? लेन्का.
छे, म्हटलं. मागच्या वसंतात
हान्द्रियच्या चौदा मेंढ्या मारल्या त्यानं,
खाल्ली एक.
हान्द्रिय अजून माझ्याशी बोलत नाही,
आणि त्याचं काही चुकत नाही.

मग वाईट कोण?

तेवढ्यात घंटा झाली, डबे उघडले,
कुणाच्या तरी डब्यातून उकडलेल्या अंड्याचा वास आला,
आणि येन्चोवाबाईंनी पुस्तक मिटलं
बोट आतच ठेवून.

अकरा बिया मी प्रयोगशाळेला दिल्या नाहीत.
नोंदीत 'फळ, अनिश्चित' लिहिलं.
दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावल्या खिडकीशी,
हिवाळाभर थंडीत ठेवल्या.
तीन उगवल्या आहेत.
कहाणी सुफळ व्हायला अजून पाच-सहा उन्हाळे.
संपूर्णचं
मला काही विचारू नका.